धडक निम्मी-निम्मी, बिल मात्र एकाच्याच नावावर

लंडन ब्रिज ओलांडून उत्तरेकडे आलं की किंग विल्यम स्ट्रीट लागतो, आणि थोडं पुढे कॅनन स्ट्रीटचा चौक. संध्याकाळी ऑफिसं सुटली की इथे फुटपाथवर माणसं मावत नाहीत. जुलै २०१५ मधल्या अशाच गर्दीच्या वेळी एक सायकलस्वार या भागातल्या चौकात आला. सिग्नल हिरवा होता. वेग ताशी १० ते १५ मैल, म्हणजे साधारण १६ ते २४ किलोमीटर. समोरून माणसं अजून रस्ता ओलांडत होती. त्यांत एक तरुणी होती आणि तिचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. सायकलस्वाराने भोंगा वाजवला, ओरडला, ब्रेक दाबले आणि सायकल एका बाजूला काढली. तिने दचकून वर पाहिलं आणि पुढे जाण्याऐवजी ती रस्त्याच्या मधल्या कट्ट्याकडे उलटी फिरली. सायकलही नेमकी त्याच बाजूला वळली होती.

अरुंद बोळात समोरच्याला वाट द्यायला आपण डावीकडे सरकावं आणि त्यानेही तिकडेच सरकावं, तसला हा प्रकार. बोळात दोघं हसून बाजूला होतात. इथे दोघंही रस्त्यावर बेशुद्ध पडले.

तरुणीने सायकलस्वारावर भरपाईचा दावा लावला आणि निकाल लागला जून २०१९ मध्ये, सेंट्रल लंडन काउंटी कोर्टात. दोघांची नावं तेव्हा वर्तमानपत्रांत झळकली होती. इथे त्यांचं काही काम नाही. न्यायाधीश शांती मॉजर यांनी दोघांनाही सारखंच जबाबदार धरलं. नुकसानभरपाई ठरली ४,१६१ पौंड आणि वर काही पेन्स. बातमी झाली ती या आकड्याची नव्हे. फिर्यादीच्या वकिलांचा खर्चही सायकलस्वारानेच द्यायचा होता, आणि तो १ लाख पौंडांच्या घरात जाईल असं सांगितलं जात होतं. आपण दिवाळखोर होऊ, असं तो पत्रकारांशी बोलताना म्हणाला. मग लोकांनी त्याच्यासाठी ऑनलाइन वर्गणी काढली.

सायकलवाल्यांच्या कट्ट्यावर ही गोष्ट आजही निघते, आणि बहुतेक वेळा ती ‘मोबाइलवाल्या पादचाऱ्याला पैसे कसे काय मिळाले’ या प्रश्नावरच अडकून पडते. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. विम्याच्या दाव्यांच्या फायली चाळण्याची सवय असलेल्या माणसाला यातला दुसराच प्रश्न आधी दिसतो: ४ हजारांच्या भांडणावर जवळपास १ लाखाचा खर्च चढेपर्यंत मधल्या चार वर्षांत या माणसाच्या बाजूने कोण होतं?

दोष कसा वाटला गेला

आधी तो दुय्यम प्रश्न मोकळा करतो, नाहीतर तो मध्येमध्ये येत राहील.

इंग्लंडच्या कायद्यात निष्काळजीपणाची कसोटी मोटारीला वेगळी आणि सायकलला वेगळी अशी नाही. त्या जागी एखादा बऱ्यापैकी जाणता, सावध चालक कसा वागला असता, एवढंच पाहतात. सिग्नल हिरवा असणं म्हणजे ‘जा’ असा हुकूम नसतो. रस्ता मोकळा असेल तर जाता येईल, इतकाच त्याचा अर्थ. पादचाऱ्याने लाल दिवा असताना रस्ता ओलांडणं हा तिथे गुन्हाही नाही. जो माणूस आधीच रस्त्यात उतरलेला आहे, त्याला जाऊ द्यायचं. या सायकलस्वाराला समोर माणसं दिसत होती, कारण भोंगा त्यांच्यासाठीच वाजवला होता. मग रस्ता पूर्ण मोकळा नसताना तो पुढे का आला, इथे त्याची बाजू लंगडी पडली. माणसं रस्त्यात अनपेक्षित वागणारच हे सायकलस्वाराने गृहीत धरायला हवं, असं न्यायाधीशांचं म्हणणं. त्याच वेळी तो शांत आणि समंजसपणे वाहन चालवणारा माणूस असल्याची नोंदही त्यांनी केली. आणि न बघता, तेही मोबाइलमध्ये डोकं घालून रस्ता ओलांडणाऱ्या व्यक्तीवर तेवढीच जबाबदारी येते, हेही सांगितलं.

अशी वाटणी करण्याची मुभा १९४५ च्या कायद्याने दिली. त्याआधी जखमी माणसाची स्वतःची थोडीशी जरी चूक निघाली तरी त्याला सहसा काहीच मिळत नसे. आता जेवढी त्याची चूक, तेवढी रक्कम कापून उरलेली देतात. इथे निम्मी कापली.

निकाल मला पटतो. पटत नाही तो पुढचा भाग.

हरणं म्हणजे काय

दोष निम्मा-निम्मा, म्हणजे खर्चही निम्मा-निम्मा होईल असं कुणालाही वाटेल. इंग्लंडमध्ये तसं होत नाही. साधा नियम असा, की जो हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या वकिलांचा वाजवी खर्चही द्यायचा. आणि हरला कोण हे दोषाच्या टक्क्यांवर ठरत नाही, शेवटी चेक कुणी लिहायचा यावर ठरतं. तिने त्याच्यावर दावा लावला होता, त्याने तिच्यावर लावला नव्हता. दोष ५० टक्के ठरो की १० टक्के, चेक त्यालाच लिहायचा होता. म्हणजे हरला तो.

आता त्याने प्रतिदावा का लावला नाही? तोही बेशुद्ध पडला होता, त्यालाही लागलं होतं. भरपाईसाठी दावे लावत सुटायची वृत्ती आपल्याला आवडत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. भला विचार आहे. पण त्याचा परिणाम भलताच झाला. निम्म्या-निम्म्या दोषाचा अर्थ असा, की त्याने मागितलं असतं तर त्यालाही त्याच्या नुकसानाच्या निम्मं मिळालं असतं. दोन्ही बाजू एकमेकींना थोडं-थोडं देणं लागल्या की वकीलमंडळी लवकर टेबलाशी येऊन बसतात. एकतर्फी दाव्यात फिर्यादीच्या बाजूला तशी काही घाई नसते.

यात आणखी एक गाठ आहे. एप्रिल २०१३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये शारीरिक इजेच्या दाव्यांत असा नियम आहे, की दावा लावणारा हरला तरी प्रतिवादीचा खर्च त्याच्याकडून सहसा वसूल करता येत नाही. जखमी माणूस विमा कंपनीच्या वकिलांना घाबरून गप्प बसू नये म्हणून हे कवच. ते दावेदारासाठी आहे, प्रतिवादीसाठी नाही. म्हणून त्याने प्रतिदावा केला असता, तर तो स्वतःही दावेदार ठरून त्या कवचाखाली आला असता, हा मुद्दा त्याच्या बाजूने निकालानंतर मांडला गेला. मला हे तितकं सोपं वाटत नाही. २०१८ मध्ये दोन काउंटी कोर्टांनी या प्रश्नावर उलटसुलट निकाल दिले होते. न्यूकॅसलच्या न्यायाधीशांनी प्रतिदावा करणाऱ्याला कवच दिलं. ब्रायटनच्या न्यायाधीशांनी नाकारलं, आणि ते प्रकरण दोन सायकलस्वारांच्याच समोरासमोर टकरीचं होतं. तेव्हा प्रतिदाव्याने तो नक्की वाचला असता असं मी म्हणणार नाही. पण सौद्याच्या टेबलावर त्याच्या हातात निदान एक पत्ता असता.

दुसरा पत्ता त्याहून साधा. दिवाणी प्रक्रियेच्या नियमांत भाग ३६ नावाचं प्रकरण आहे. त्यानुसार कुठलीही बाजू लेखी प्रस्ताव देऊ शकते: ‘एवढे घ्या आणि मिटवा’. समोरच्याने तो नाकारला आणि शेवटी कोर्टाकडून त्याहून कमी मिळालं, तर प्रस्तावाची मुदत संपल्यानंतरच्या खर्चाचं ओझं सहसा नाकारणाऱ्यावर पडतं. विमा कंपनीच्या दावे विभागात बसलेला माणूस हे झोपेतही करतो. अपघाताचा नकाशा, साक्षीदारांचे दोन जबाब आणि डॉक्टरचा अहवाल हातात आला, की तो मनाशी म्हणतो, ‘हे निम्म्यावर जाणार, रक्कम साधारण एवढी, पाच हजारांचा प्रस्ताव टाकून ठेवा.’ समजा २०१६ सालीच असा ५,००० पौंडांचा प्रस्ताव गेला असता. समोरच्या वकिलाला अशिलाला सांगावं लागलं असतं, की याहून जास्त मिळेल याची खात्री नाही आणि नाकारलं तर खर्च अंगावर येईल. ४,१६१ हा आकडा त्या प्रस्तावाच्या खालीच राहिला.

एकटा माणूस असा प्रस्ताव देऊ शकत नाही असं नाही. नियमात तशी आडकाठी नाही. पण भाग ३६ असतो हे त्याला कोण सांगणार?

तिथे मोटारवाला असता तर

आता तोच चौक, तीच संध्याकाळ, तीच तरुणी, फक्त सायकलच्या जागी एक छोटी मोटार घ्या. तिचा वेगही तेवढाच.

ब्रिटनमध्ये मोटारीला थर्ड पार्टी विमा १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टपासून सक्तीचा आहे. आज ती सक्ती १९८८ च्या कायद्याच्या कलम १४३ मध्ये आहे. इजा आणि मृत्यूसाठी हे कव्हर अमर्याद असावं लागतं, मालमत्तेच्या नुकसानीसाठी १२ लाख पौंडांपर्यंत. विम्याशिवाय गाडी चालवताना सापडलात तर जागेवर ३०० पौंड दंड आणि परवान्यावर दंडाचे ६ पॉइंट. प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही. एवढं करूनही कुणी विम्याविना फिरलाच किंवा धडक देऊन पळाला, तर १९४६ साली उभी राहिलेली मोटर इन्शुरर्स ब्यूरो ही संस्था जखमीला भरपाई देते. तिचा खर्च सगळ्या मोटार विमा कंपन्या मिळून उचलतात, म्हणजे शेवटी सगळे प्रीमियम भरणारे. याच कायद्याच्या कलम १५१ नुसार मोटारवाल्याने पॉलिसीची एखादी अट मोडली असली तरी जखमीच्या बाजूने लागलेला निकाल कंपनीला सहसा भागवावाच लागतो. नंतर ती आपल्या ग्राहकाशी काय भांडायचं ते भांडते.

ही सगळी बांधणी जखमीसाठी आहे. पण तिची सावली मोटारवाल्यावरही पडते, आणि ती भलतीच गार आहे.

आपल्या काल्पनिक मोटारवाल्याने त्या संध्याकाळी एकच काम केलं असतं: विमा कंपनीला फोन. पुढचा दावा इजेच्या लहान दाव्यांसाठी असलेल्या ऑनलाइन पोर्टलवर गेला असता. २०१३ पासून २५,००० पौंडांपर्यंतचे मोटार अपघातांचे दावे त्यावरून जात. कंपनीने कामकाजाच्या १५ दिवसांत जबाबदारीबद्दल उत्तर द्यायचं. १०,००० पौंडांच्या आतला दावा तिथेच मिटला तर फिर्यादीच्या वकिलाची फी बांधलेली: पहिल्या टप्प्याला २०० पौंड, दुसऱ्याला ३००. झाले ५००.

अर्थात इथे दोष कुणाचा यावर वाद होता, आणि तसा वाद असला की दावा पोर्टलमधून बाहेर पडतो. तरीही त्याला मोकळं रान मिळत नसे. सुनावणीपर्यंत गेलेल्या अशा मोटार दाव्याला २,६५५ पौंड अधिक भरपाईच्या २० टक्के, अधिक सुनावणीसाठी उभ्या राहणाऱ्या वकिलाची ठरलेली फी, असं कोष्टक होतं. ४,१६१ पौंडांच्या भरपाईवर त्याची बेरीज साधारण ४,२०० पौंड होते. वर कर आणि वैद्यकीय अहवालांसारखे खर्च. म्हणजे भरपाईएवढाच वकिलाचा खर्च. भरपाईच्या वीसपट वगैरे नाही.

सायकलस्वाराला हे कोष्टक का लागू झालं नाही? कारण त्या नियमांत ‘रस्ते अपघात’ या शब्दाची व्याख्याच मोटार वाहनाच्या वापरातून झालेला अपघात अशी आहे. सायकलने रस्त्यात माणसाला पाडलं तर तो रोजच्या भाषेत रस्ते अपघात, पण पोर्टलच्या भाषेत नाही. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात बोचरं वाटलं. बांधलेल्या फीचं तर्कशास्त्र असं होतं, की समोर विमा कंपनी आहे, ती लवकर उत्तर देईल, म्हणून खर्च कमी. सायकलमागे कंपनी असेलच असं नाही, म्हणून नियम नाही. ज्याच्यामागे कुणी नाही त्यालाच खर्चाला मर्यादा नाही, अशी ही वाटणी होऊन बसली.

आणखी एक विरोधाभास आहे. मोटारवाला असता तर त्याच्या वाट्याला दोष बहुधा निम्म्याहून जास्त आला असता. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००३ मध्ये एका प्रकरणात सांगितलं आहे, की मोटार हे घातक हत्यार ठरू शकतं, आणि पादचारी अचानक गाडीसमोर आला नसेल तर त्याला चालकापेक्षा जास्त दोषी धरण्याचे प्रसंग विरळा. कोर्ट दोष वाटताना कोण किती चुकला हे पाहतंच, पण कुणाच्या हातात किती नासधूस करण्याची ताकद होती हेही पाहतं. म्हणजे मोटारवाला जास्त दोषी, आणि त्याच्या खिशाला चाट काय? नो-क्लेम सवलत जाणार, पुढच्या वर्षी प्रीमियम थोडा चढणार. सायकलस्वार कमी दोषी, आणि त्याच्यापुढे दिवाळखोरी.

मग सायकलला सक्ती करायची का

असा प्रसंग घडला की ही मागणी होतेच, आणि ती करणाऱ्यांत मोटारवाले पुढे असतात. ‘आम्ही भरतो, मग तुम्ही का नाही?’ न्यायाचा मुद्दा म्हणून ऐकायला बरं वाटतं. पण १९३० ची सक्ती न्यायासाठी आली नव्हती. मोटारी माणसं मारत होत्या आणि जखमींच्या हाती काही लागत नव्हतं, म्हणून ती आली.

कागदावर साधा हिशेब करून बघा. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो, वेग ताशी १२ मैल. त्याच्या अंगातली गतिज ऊर्जा साधारण १,३०० ज्यूल. दीड टनाची मोटार ताशी ३० मैलांनी, म्हणजे शहरातल्या साध्या वेगमर्यादेत: साधारण १,३५,००० ज्यूल. शंभरपट. ब्रिटनमध्ये २०१० च्या दशकात वर्षाला साधारण ४०० ते ४७० पादचारी रस्त्यांवर मरत होते. त्यांतले सायकलच्या धडकेने मेलेले एक आकडी असत. त्या एक आकडी घरांचं दुःख लहान ठरत नाही. पण प्रत्येक सायकलला, शाळेत जाणाऱ्या पोराच्या सायकललासुद्धा, नंबर, पॉलिसी आणि तपासणारा पोलिस लावायचा झाला, तर त्याचा खर्च या आकड्यांशी जुळवावा लागतो.

स्वित्झर्लंडने हा प्रयोग कित्येक वर्षं केला. तिथे सायकलवर दरवर्षी नवा स्टिकर लावावा लागे. स्टिकर म्हणजेच विम्याची पावती. कव्हर २० लाख फ्रँकपर्यंत. १ जानेवारी २०१२ पासून तो बंद झाला. कारण बहुतेक स्विस घरांत खासगी दायित्व विमा आधीपासूनच होता आणि सायकलवरचा दावा त्यातूनच भागत होता. स्टिकर छापा, विका, तपासा, हा खटाटोप त्या मानाने फुकाचा होता. सक्तीचं उदाहरण म्हणून स्वित्झर्लंडचं नाव घेणारे या गोष्टीचा दुसरा भाग सहसा सांगत नाहीत.

जखमीच्या बाजूने मात्र एक भोक उरतं, आणि ते मी झाकणार नाही. सायकलस्वाराकडे विमा नसेल आणि पैसेही नसतील, तर पादचाऱ्याच्या हातात निकालाचा कागद येतो आणि त्यापुढे काही नाही. मोटर इन्शुरर्स ब्यूरो इथे उभी राहत नाही. तिचं काम मोटारीपुरतं. मोडलेल्या हाताने सहा महिने घरी बसलेल्या माणसाला शंभरपटींचा हिशेब सांगून उपयोग नाही.

कव्हर असतं, पण कुठल्या तरी कोपऱ्यात

गंमत अशी, की ब्रिटनमधल्या सायकलस्वाराला हे कव्हर महाग नाही आणि दुर्मीळही नाही. सायकलिंग यूके ही १८७८ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या सदस्यत्वासोबत १ कोटी पौंडांचं थर्ड पार्टी कव्हर येतं. ब्रिटिश सायकलिंग आणि लंडन सायकलिंग कँपेन या संस्थांकडेही असं कव्हर मिळतं. आकडे मोठे दिसतात म्हणून दबून जायचं कारण नाही. सायकलच्या धडकेने लाखो पौंडांचं नुकसान होणं फार क्वचित, म्हणूनच हे कव्हर सदस्यत्वाच्या वर्गणीत बसतं. आणि १ कोटींपेक्षा मोलाची गोष्ट त्या पॉलिसीच्या आतल्या पानावर असते: दाव्याचा बचाव कंपनी तुमच्या वतीने चालवेल आणि त्याचा खर्च उचलेल.

घरसामानाचा विमा हा दुसरा कोपरा. सामानाच्या पॉलिसीत ‘वैयक्तिक दायित्व’ नावाचं एक कलम बरेचदा असतं. चोरी, आग, पाणी यांच्या रकान्यांमागे, विसाव्या-पंचविसाव्या पानावर. घराबाहेर तुमच्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर त्याचं देणं ते उचलतं, आणि साधी सायकल त्यात सहसा धरलेली असते. ते वाचताना अपवादांच्या यादीकडे बघायचं. घरातल्याच माणसाला लागलं तर नाही. शर्यतीत असाल तर बहुधा नाही. पैसे घेऊन पार्सलं पोचवत असाल तर नाही. खाणं पोचवणाऱ्या पोरांची गोची इथे होते, कारण सायकल तीच, पण प्रवास धंद्याचा.

पण मोटारीची पॉलिसी आणि ही पॉलिसी यांच्यात मोठा फरक आहे. मोटारीच्या पॉलिसीमागे कलम १५१ उभं असतं. सायकलची पॉलिसी म्हणजे कंपनी आणि ग्राहक यांच्यातला साधा करार. अट मोडली की कंपनीला अंग काढून घेता येतं, आणि जखमीलाही ते निमूट सोसावं लागतं. २०१० च्या एका कायद्यानुसार, जो ऑगस्ट २०१६ मध्ये अमलात आला, दोषी माणूस दिवाळखोर झाला तर जखमीला थेट त्याच्या विमा कंपनीकडे जाता येतं. पण ग्राहकाविरुद्ध कंपनीचे जे बचाव असतात ते जखमीविरुद्धही चालतात.

यातली सगळ्यात जास्त मोडली जाणारी अट म्हणजे वेळेत कळवणं. इंग्लंडमध्ये इजेचा दावा लावायला तीन वर्षं मिळतात. जुलै २०१५ ची धडक, तर दावा जुलै २०१८ पर्यंत येऊ शकतो. सायकलवाला मात्र पँट झटकतो, सॉरी म्हणतो, घरी जातो आणि विसरतो. दोन वर्षांनी एका सॉलिसिटरचं पत्र येतं. जाड कागद, वर दाव्याचा क्रमांक, आत ‘आमच्या अशिलाला झालेल्या इजेस आपण जबाबदार आहात’ आणि उत्तरासाठी मुदत. अशा वेळी लोक दोनपैकी एक करतात. पत्र कपाटावर ठेवतात, किंवा रात्री बसून मनापासून चार पानी खुलासा लिहितात. दुसरं जास्त घातक. ‘मला ती दिसली होती, मी भोंगाही वाजवला होता’ हे वाक्य माणूस स्वतःच्या सावधपणाचा पुरावा म्हणून लिहितो. समोरचा वकील ते ‘दिसूनही थांबला नाही’ असं वाचतो. दोघंही एकच वाक्य वाचत असतात.

मोटारवाल्याला हे पत्र उघडावंच लागत नाही. तो ते तसंच कंपनीकडे पाठवतो.

आणि सदस्यत्व अपघाताच्या दिवशी चालू असावं लागतं, दाव्याच्या दिवशी नव्हे. या प्रकरणाची बातमी आल्यावर धावत जाऊन घेतलेलं कव्हर मागच्या वर्षीच्या धडकेला चालत नाही. उलट अपघातानंतर सदस्यत्व सोडून दिलं असलं, तरी त्या दिवशी ते चालू असेल तर सहसा चालतं. हे माहीत नसल्यामुळे लोक जुनी कागदपत्रं फेकून देतात.

त्या चौकातली धडक आज झाली असती तर एक गोष्ट वेगळी झाली असती. १ ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये १ लाख पौंडांपर्यंतच्या बहुतेक दिवाणी दाव्यांना बांधलेल्या खर्चाचं कोष्टक लागू झालं, आणि इजेच्या बाबतीत त्या तारखेनंतरच्या अपघातांना ते लागतं. मोटार असो की सायकल, ते दोन्हींना लागतं. ४ हजारांच्या दाव्यावर १ लाखाचं बिल चढणं त्यामुळे आता अवघड झालं आहे. बचाव कोण चालवणार हा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे.

तो आता इलेक्ट्रिक सायकलींच्या बाबतीत जास्त टोचू लागला आहे. ब्रिटनमध्ये मोटर २५० वॅटपर्यंत असेल, पायडल मारल्यावरच जोर देत असेल आणि ताशी १५.५ मैलांनंतर बंद पडत असेल, तर ती कायद्याने सायकल. चालवणारा १४ वर्षांचा झाला की विमा, परवाना काही नको. त्याच सायकलीची मर्यादा एखाद्याने ॲपवरून काढून टाकली आणि ती २५ मैलांनी पळू लागली, की ती मोटार वाहन होते. मग कलम १४३ ची सक्ती लागते, सायकल संस्थेचं कव्हर सुटतं, आणि घरसामानाच्या पॉलिसीतलं ‘मोटरवर चालणारी वाहने वगळून’ हे अपवादातलं वाक्य जागं होतं. गाडी तीच, हँडलला लटकवलेली पिशवीसुद्धा तीच. अशा सायकलीने कुणाला पाडलं तर जखमीला निदान ब्यूरोचं दार उघडं असतं. ब्यूरो पैसे देते, आणि मग ते चालवणाऱ्याकडून वसूल करायला येते.